देव मानत नाहीस, मग शीटवर धर्म कशाला?

मी मित्रांना रोलप्लेइंग गेम खेळवतो: प्रत्येकजण एक पात्र होतो, त्याचे गुण एका शीटवर लिहितो, गोष्ट मी चालवतो. नवे खेळाडू पहिल्याच सेशनला विचारतात, जुने चिडले की विचारतात, बायको पाहुण्यांसमोर विचारते: तू स्वतः देव मानत नाहीस, मग तुझ्या टेबलावर पात्राचा स्वभाव धर्मावरून का ठरतो? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधली (डी अँड डी, असाच एक खेळ) अलाइनमेंट, म्हणजे पात्राच्या नीतीचं दोन शब्दांतलं लेबल, तुम्हाला माहीत आहे. 'केऑटिक गुड' (स्वच्छंदी पण भला) लिहिलं की मनाला येईल ते करायला मोकळे. मीही वर्षानुवर्षं तेच चालवलं. समोरचा प्रत्येक पॅलाडिन (धर्मनिष्ठ योद्धा) शेवटी हातात तलवार दिलेला आयटीवालाच निघायचा. ग्रेग स्टॅफर्डच्या 'पेंड्रॅगन'मध्ये (१९८५) ही पळवाट नाही. राजा आर्थरच्या नाइटांचा, म्हणजे त्याच्या घोडेस्वार वीरांचा खेळ. स्वभावाच्या १३ जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज २०. क्षमा १३ तर सूड ७. ख्रिस्ती नाइटकडून शील, क्षमा, दया, विनय, संयम यांची अपेक्षा. ब्रिटनचे जुने देव मानणाऱ्याकडून उत्साह, औदार्य, सचोटी, कामवासना आणि चक्क गर्व. पाचही गुण १६ वर नेले की ख्रिस्ती नाइटला ६ हिट पॉइंट (घाव सोसायची ताकद) जास्त मिळतात, जुने देव मानणाऱ्याच्या जखमा लवकर भरतात. पण गुण १६ झाला की त्याच्याविरुद्ध सहज वागता येत नाही, आधी फासा टाकावा लागतो. स्वभावाची किंमत मोजायला लागावी, एवढंच मला हवं होतं. देव आहे की नाही, याच्याशी त्याचा काय संबंध?

आता ती गोष्ट, जी तुमच्यापैकी काहींनी अर्धीच ऐकली आहे. एका मित्राच्या नाइटची क्षमा १७ होती. सगळ्या कॅम्पेनभर (अनेक सेशन चालणारी एक सलग गोष्ट) तो भावाच्या मारेकऱ्याला शोधत होता. सापडला तेव्हा त्या माणसाने तलवार टाकली आणि गुडघे टेकले. मी म्हटलं, फासा टाक. पडले ९, म्हणजे १७च्या आत. म्हणजे क्षमा.

"माझा नाइट याला सोडणार नाही."

"१७ तूच चढवलेस ना?"

"हो, सहा हिट पॉइंटसाठी!"

सगळे हसले, तो नाही. "माफ करायचं की नाही, हे मला फासा सांगणार?" म्हणाला. तेव्हा त्याचा सख्ख्या भावाशी गावच्या जमिनीवरून दावा चालू होता आणि घरातलं प्रत्येक माणूस त्याला "जाऊ दे, सोड" म्हणत होतं. हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. मी नियम वाचून दाखवला. त्याने दोन वाक्यांत मारेकऱ्याला सोडलं, दप्तर आवरलं आणि गेला. पुन्हा खेळायला आला नाही.

नियम बरोबरच होता. वर्षभर क्षमा मिरवायची आणि ऐनवेळी ती अडचणीची झाली की बाजूला ठेवायची? त्या रात्री मला हेच वाटलं, आजही वाटतं. फक्त आता हेही दिसतं की खरी श्रद्धाळू माणसं नेमकं तसंच वागतात, आणि त्यांना कुणी नास्तिक म्हणत नाही.

मग कुणीतरी सुचवलं, आपल्या देवांच्या अशा याद्या कर की. बसलो करायला. खंडोबा: शौर्य भरपूर, पण म्हाळसा आणि बाणाई दोघी असताना शीलाच्या रकान्यात काय लिहायचं? शिवाय माझ्या आजोळी कुलदैवत जेजुरीचं आणि आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ. ते मटणाला शिवत नसत. पण खंडोबाने मारलेल्या मणी दैत्यापुढे बोकड पडायचा, त्याचे पैसे त्यांच्याच खिशातून जायचे. चंपाषष्ठीला तळी उचलायची, आषाढीला पंढरपूर गाठायचं. 'पेंड्रॅगन'ला एका माणसाचा एकच धर्म लागतो.

पूर्वीचा मी म्हणाला असता, मग नियम बदल. बदलला. एका पात्राला दोन देव, दोन याद्या. तिसऱ्या सेशनपर्यंत जो तो सोयीचा देव पुढे करू लागला. झालं, परत केऑटिक गुड.

मग मित्राचं बरोबर होतं का? नाही. आजोबांसारखा तो दोन देवांमध्ये नव्हता, त्याला सूड हवा होता. पण सूड 'पेंड्रॅगन'च्या ख्रिस्ती आणि जुन्या देवांच्या, दोन्ही याद्यांत कुठेच पुण्य म्हणून नाही, हे मला नंतर खटकत राहिलं. शीटवर धर्माचा रकाना राहणार. तो परत आला, तर हेच भांडण पुन्हा घालीन.