मुठेलाची डबी आणि अडकलेला शब्द

कोकमाच्या मुठेलापासून पायाला लावण्याचे मलम करून विकण्याचा परवाना मला मिळाला, त्याला आता वर्ष होत आले; तरीही त्या अर्जाचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप चढतो. जागेचा नकाशा, भाडेकरार, पाण्याचा अहवाल, शुल्काचे चलन हे सारे मला जड जाईल असे वाटले होते आणि ते पंधरा दिवसांत उरकले. चार महिने जे अडले ते डबीवरच्या तीन-चार शब्दांपाशी.

मुठेल ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्या कुडाळ भागात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मे महिन्यांत उतरतात. सालींची आमसुले होतात, रसाचे आगळ होते आणि बिया खळ्यात वाळत पडतात. त्या फोडून, आतला गर दळून, भरपूर पाण्यात रटरट उकळला की स्निग्धांश वर तरंगतो. तो गार होऊन घट्ट होऊ लागला की काढून मुठीत वळायचा, म्हणून त्याला मुठेल म्हणायचे, असे माझ्या सासूबाई सांगतात. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. पांढुरक्या, किंचित पिवळसर रंगाचा तो गोळा थंडीत इतका कडक असतो की नखाने खरवडावा लागतो. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून चिरलेल्या पायांना रात्री दिव्यावर वितळवलेले मुठेल चोळायचे, ही आमच्या घराची जुनी रीत आहे. मी त्यात खोबरेल आणि मधमाशांचे मेण मिसळून ते डबीत भरले, एवढाच माझा उद्योग.

सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी तयार करायचे तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे त्यासाठी सीओएस-५ हा अर्ज भरावा लागतो. घरगुती वस्तू आहे, बचतगटाची आहे, म्हणून चालून जाईल, असे मला निदान तिघांनी सांगितले होते. त्यांचे ऐकू नये.

अर्जासोबत मी लेबलाचा मसुदा जोडला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोकम मलम’ आणि त्याखाली ‘टाचांच्या भेगा बऱ्या करते’ असे लिहिले होते. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला आणि शेऱ्यात एकच ओळ होती : ‘दाव्याचा पुनर्विचार करावा.’ कोणता दावा, का, आणि त्याऐवजी काय लिहावे, याचा कुठेही पत्ता नव्हता. मी ‘बऱ्या करते’ काढून ‘भेगांवर गुणकारी’ असे लिहिले. पुन्हा तीन आठवडे गेले आणि पुन्हा तीच ओळ आली, स्वल्पविरामाचाही फरक नाही. फोन केला तर उचलणारे गृहस्थ सांगत की संबंधित साहेब दौऱ्यावर आहेत, आणि दौरा संपला की साहेब रजेवर असत. शेवटी एके दिवशी पहाटेची एसटी धरून मी स्वतः कार्यालयात गेले आणि दुपारी साडेतीनपर्यंत बाकावर बसून राहिले. पिशवीतली डबी तेवढ्यात उन्हाने पातळ होऊन झाकणातून पाझरली आणि अर्जाच्या प्रतीवर तेलाचा गोल डाग पडला.

ज्यांनी अखेर मला आत बोलावले त्यांनी तो डाग पाहिला, आणि बहुधा त्यामुळेच जरा मऊ झाले. ते म्हणाले, “ताई, बरे करते ते औषध. तुम्ही अर्ज कशाचा केला आहे?” कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शरीराची स्वच्छता करणे, ते सुंदर दिसावे म्हणून किंवा त्याचे रूप बदलावे म्हणून चोळणे, ओतणे, शिंपडणे यासाठी जे वापरतात ते सौंदर्यप्रसाधन, रोगावर उपचार करण्याचा दावा केला की तीच वस्तू औषधांच्या दालनात जाते आणि तिला वेगळा परवाना लागतो. हे दोन मिनिटांत समजणारे होते, आणि ही दोन मिनिटे मिळवायला मला दीड महिना लागला, हा माझा राग अजून गेलेला नाही.

तरी एक कबूल करते. घरी परतताना मी पहिल्यांदाच नीट विचार केला की मुठेल नक्की करते काय. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक ही मेदाम्ले मुख्य असतात. पहिल्यामुळे ते एरवी घट्ट राहते आणि साधारण ३८ ते ४० अंशांना वितळते, म्हणजे अंगाच्या उबेने आणि चोळण्याने ते हळूहळू मऊ पडते. त्वचेवर त्याचा पातळ थर बसतो आणि आतले पाणी उडून जाण्याचा वेग कमी होतो. ओलावा ते स्वतः देत नाही, असलेला राखते. त्यामुळे कोरड्या टाचेवर नुसते फासून फारसा उपयोग होत नाही. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, अर्धवट टिपून, ओलसर असतानाच लावावे आणि वर सुती मोजे घालावेत. भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर डबी बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे. ‘बऱ्या करते’ हा शब्द खरोखरच खोटा होता, हे मला मान्य आहे.

‘मलम’ या शब्दाचे मात्र मला आजही पटलेले नाही. तिसऱ्या खेपेला मी ‘त्वचा मऊ ठेवते’ असे साधे वाक्य घातले तेव्हा हरकत निघाली ती नावावर, कारण मलम म्हटले की औषध वाटते. मी ‘लेप’ सुचवला, तर तो आयुर्वेदिक वाटतो म्हणाले. ‘बाम’ तर डोकेदुखीचाच. पायाला लावण्याच्या वस्तूसाठी मराठीत जो जो शब्द आहे त्याला औषधाचा वास येतो, हा माझा दोष कसा? शेवटी कंटाळून मी ‘कोकम फूट बटर’ लिहिले आणि आठव्या दिवशी परवाना हातात पडला.

हे आधी सांगायला हवे होते : स्वतःची जागा नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात माल करून घेण्यासाठी सीओएस-६ हा वेगळा अर्ज असतो, तो आधी पाहावा. माल करताना देखरेख ठेवणारी तांत्रिक व्यक्ती म्हणून औषधनिर्माणशास्त्राची पदविका असलेली व्यक्ती लागते, पण रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेलीही चालते. माझ्या बाबतीत शेजारची भाची उपयोगी पडली. लेबलावर बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटक यांना पुरेशी जागा ठेवूनच डबी निवडावी, नाहीतर माझ्यासारख्या दोनशे डब्या वाया जातात. आणि मे महिन्यात माल पार्सलने पाठवू नये. वाटेत वितळून पुन्हा सावकाश थिजला की तो तुपासारखा रवाळ होतो, आणि गिऱ्हाईक त्याला भेसळ समजते.

छापून आलेली पहिली डबी मी सासूबाईंना दिली. त्यांनी चष्मा लावून नाव एकेक अक्षर जुळवत वाचले आणि विचारले, “बटर म्हणजे पावाक लावतत ता?” मी हो म्हटले. त्यांनी डबी फळीवर ठेवली आणि कपाटातून आपला मुठेलाचा गोळा काढून टाचेवर घासायला घेतला.