ज्याचा ‘र’ चुकतो तो सुदैवी

शाळेत माझ्याकडे जी मुलं पाठवली जातात, ती बहुतेक कानाला खटकणाऱ्या चुकांमुळे. कुणाचा ‘र’चा ‘ल’ होतो, कुणाचा ‘क’चा ‘त’, कुणाची ‘स’ म्हणताना जीभ दातांबाहेर डोकावते. बाईंच्या कानावर ते रोज पडतं, बाकीची पोरं चिडवतात, घरच्यांना चारचौघांत ओशाळं वाटतं आणि मग माझ्या टेबलावर चिठ्ठी येते. स्पीच थेरपिस्ट म्हणजे उच्चार दुरुस्त करणारी बाई, हा समज पक्का आहे, आणि खरं सांगायचं तर ते काम मला आवडतंही.

‘क’चंच घ्या. तीन-साडेतीन वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणालं तर कुणी घाबरून जायचं कारण नाही. पहिलीतही तेच चालू असेल तर मात्र बघायला हवं. जिभेचं टोक पुढे धावतं, मागचा भाग उठतच नाही. अशा मुलाला मी आधी बोलायला लावतच नाही. टेबलावर दोन चित्रं ठेवते, कार आणि तार. मी म्हणेन त्यावर बोट ठेवायचं. यात बहुतेक जण चुकत नाहीत! मग डाव उलटा. आता तो सांगणार, मी बोट ठेवणार. त्याच्या मनात असते कार, तोंडातून येते ‘तार’. मी मुकाट्याने तारेवर बोट ठेवते. तो माझ्याकडे असा बघतो, की हिला एवढं साधं कळू नये? पुन्हा म्हणतो, जरा मोठ्याने, ‘तार!’ माझं बोट पुन्हा तारेवर. आपलं म्हणणं पोचत नाहीये हे तिथे पहिल्यांदा त्याच्या ध्यानात येतं. त्यानंतर उताणं झोपवून, पाणी न घेता गुळण्या करायच्या. जीभ आपोआप मागे पडते आणि कधीतरी घशातून एक खरखरीत ‘क’ निघतो. सुटा ‘क’ आला की ‘का’, ‘की’, ‘कू’, मग शब्द, मग वाक्य. सगळ्यात चिवट टप्पा शेवटचा: माझ्या खोलीत ‘क’ आणि मधल्या सुट्टीत ‘त’, असं बरेच आठवडे चालतं.

(‘जीभ जड आहे का हो?’ असं पालक हमखास विचारतात. जीभ जड वगैरे नसते.)

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच मुलांबद्दल. त्यांचे उच्चार स्वच्छ असतात. ‘र’, ‘ळ’, ‘ण’ सगळं जागच्या जागी. त्यांच्यासाठी चिठ्ठी येतच नाही. आलीच तर तीवर लिहिलेलं असतं, ‘लक्ष नसते’ किंवा ‘गणिते येतात, शाब्दिक उदाहरणे येत नाहीत’.

अशा एका चौथीतल्या मुलाला बघायला मी वर्गात मागच्या बाकावर बसले होते. बाई म्हणाल्या, “पुस्तक काढण्याआधी वही दप्तरात ठेवा.” याने आधी पुस्तक काढलं. मग शेजारच्याकडे बघितलं, पुस्तक परत आत टाकलं, वही ठेवली, पुन्हा पुस्तक काढलं. थोड्या वेळाने लक्षात आलं की हा प्रत्येक गोष्ट किंचित उशिरा करतो. सगळे अर्धे उभे राहिले की हा उठतो. विनोदाला सगळे हसले की हा हसतो. शेवटी बाईंनी विचारलं, “समजलं का सगळ्यांना?” वर्गाने एका सुरात “हो” म्हटलं. तेवढा ‘हो’ मात्र त्याचा अगदी वेळेवर होता.

माझ्या खोलीत त्याला चित्रं दिली: मुलगा, चेंडू, फुटलेली काच, रागावलेले आजोबा. तो म्हणाला, “त्याने ते मारलं. मग ते तिकडे गेलं. मग ते झालं. मग ते आले.” एकही उच्चार चुकला नाही, पण गोष्ट चित्रांतच राहिली. मग मी विचारलं, “मुलाला मुलीने ढकललं. कोण पडलं?” तो म्हणाला, “मुलगी.” ‘ला’ आणि ‘ने’ त्याने ऐकलेच नव्हते म्हणा ना. वाक्यात जो पहिला आला त्याने केलं, असा त्याचा हिशोब. साध्या वाक्यांत तो बरोबर लागतो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

याला, म्हणजे भाषा समजण्यात आणि वापरण्यात येणाऱ्या या अडचणीला, डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात. आधी या एकाच त्रासाला बरीच नावं होती. हे नाव डोरोथी बिशप आणि इतर तज्ज्ञांच्या गटाने २०१७ मध्ये सुचवलं आणि ते रुळलं. प्रमाण सुमारे ७ टक्के, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोघं. ऐकण्याची तपासणी आधी करून घ्यायचीच, पण यांना ऐकू नीट येतं, बुद्धीही शाबूत असते. घरात दोन भाषा बोलल्याने हे होत नाही. आई नोकरी करते म्हणूनही नाही, हे मला वारंवार सांगावं लागतं आणि दर वेळी समोरच्या आईचे खांदे खाली येतात.

या मुलांचं निम्मं काम वर्गातच करावं लागतं. कृती ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने सांगा: आधी वही ठेवा, मग पुस्तक काढा. ‘समजलं का’ विचारू नका, ‘आता आधी काय करणार?’ विचारा. आणि विचारल्यावर थांबा. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात, असं मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंना वर्गांच्या निरीक्षणात दिसलं होतं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, सुधारतात. “भरलेल्या वर्गात एकासाठी किती थांबू?” असं एक बाई मला म्हणाल्या. त्यांचं चुकीचं नाही. म्हणून मी क्रम फळ्यावर लिहायला सुचवते, तो सगळ्यांच्याच कामाला येतो. ‘बाष्पीभवन’सारखे शब्द मी धड्याच्या आधीच घेते. टाळ्या वाजवत तोडायचे, चित्र काढायचं, स्वतःच्या वाक्यात वापरायचे. म्हणजे वर्गात ते पहिल्यांदा अंगावर येत नाहीत.

माझी खरी भांडणं वेळापत्रकाशी आहेत. मला मुलं दिली जातात ती खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला. म्हणजे ज्या तासाला तो कुणाच्याही मागे नसतो, नेमका तोच मी काढून घ्यायचा! यावर मी माघार घेत नाही. भाषेच्या तासाला वर्गात त्याच्याशेजारी बसेन, पण खेळाचा तास घेणार नाही.

चौथीतल्या त्या मुलासाठी मी पहिलं उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘कळलं नाही तर हात वर करून तसं सांगेल.’ महिनोन् महिने काही नाही. परवा त्याच्या बाई भेटल्या. “मॅडम, हल्ली फारच विचारतो हो, तास पुढे सरकत नाही.” म्हटलं, विचारू दे. आता शाब्दिक उदाहरणं सुरू केली आहेत. ‘एकूण’ आलंय, ‘उरले’ आलंय. ‘पेक्षा’पाशी गाडी अडते. कोण कोणापेक्षा मोठं, हे दोन पट्ट्या हातात दिल्या की कळतं, कागदावर आलं की जातं. पुढचा महिना त्यातच जाणार असं दिसतंय.