जीभ जड नव्हती: मुलाच्या बोबड्या बोलण्यावरच्या थेरपीचा माझा अनुभव

मुलगा चार वर्षांचा झाला तरी बाहेरच्या माणसांना त्याचं निम्मं बोलणं कळायचं नाही. 'काका'चं 'ताता', 'गाडी'चं 'दाडी'. "जीभ जड आहे, मोठा झाला की सुटेल," असं जो तो सांगायचा. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ते लागू पडतंही. पण 'क', 'ग'ऐवजी 'त', 'द' म्हणणं बहुतेक मुलांचं साडेतीनच्या आसपास सुटतं, आणि चौथ्या वर्षी परक्यालाही मुलाचं बोलणं जवळजवळ सगळं कळायला हवं. म्हणून स्पीच थेरपिस्ट गाठल्या.

त्यांनी आधी कान तपासून आणायला सांगितलं. सर्दीनं कानात पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं, आणि धड ऐकूच आलं नाही तर मूल धड बोलणार कसं? कान उत्तम निघाले. टाळू, जीभ, जिभेखालचा पडदा, सगळं ठीक. मग चित्रं दाखवून तेच तेच शब्द पुन्हा म्हणवून घेतले. एकच शब्द दर वेळी वेगळा बिघडत असेल, तर अडचण निराळी आणि उपचारही निराळे. आमच्याकडे चूक ठरलेली होती.

एखादाच आवाज जिभेला जमत नसेल, तर जुनी पायरी-पायरीची पद्धत चालते: आधी नुसता आवाज, मग अक्षर, शब्द, वाक्य, शेवटी गप्पा. अमेरिकन वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी १९३९ साली मांडलेली. बोलणं जवळजवळ काहीच कळत नसेल, तर वाचातज्ज्ञ बार्बरा हॉडसन यांची चक्रपद्धत: एक आवाज थोडे दिवस घ्यायचा, पक्का व्हायची वाट न पाहता पुढचा धरायचा, मग फिरून पहिल्यावर यायचं. आमच्यासाठी थेरपिस्टबाईंनी निवडल्या एकाच आवाजाचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या.

टेबलावर दोन चित्रं, कार आणि तार. त्याला हवी होती कार. तो म्हणाला, "तार दे." बाईंनी शांतपणे तार दिली. "ही नाही!" पुन्हा "तार". पुन्हा तारच. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला स्पष्ट दिसला. आपण म्हणतो ते आणि समोरच्याला कळतं ते वेगळं आहे, हे त्याला तेव्हा प्रथम जाणवलं असावं. माझ्या मते या पद्धतीचं सगळं बळ इथेच आहे. नुसतं "नीट म्हण" सांगून हे कधीच झालं नसतं.

'क' काढायलाही शिकवावं लागलंच. पट्टीनं जिभेचं टोक हलकेच खाली धरायचं, उताणं झोपवून पाण्याशिवाय गुळण्यांचा आवाज काढायला लावायचं. 'क' आधी शब्दाच्या शेवटी आला, 'नाक', 'एक' असा. शब्दाच्या सुरुवातीला यायला बराच वेळ लागला. शिट्ट्या, फुगे, जिभेचे व्यायाम करून घेऊ का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "फुंकून फुंकणं सुधारतं, बोलणं बोलूनच सुधारतं."

घरी रोज थोडाच वेळ सराव. एरवी टोकायचं नाही; तो "दाडी आली" म्हणाला, की आपण "हो, गाडी आली! केवढी मोठी गाडी!" म्हणायचं. आजीलाही हे समजावलं, आणि तिनं ते मनावर घेतलं.

आता शब्द पक्के झालेत, पण गप्पांच्या भरात 'दाडी' अजून येते. अशा मुलांना पुढे वाचन-लेखन जड जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून बाईंनी आता शब्दाचा पहिला आवाज ओळखायचे खेळही सुरू केलेत.