स्क्रिप्टची पहिली ओळ: लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी झालं, विंडोज अर्धं

मंडळी, अपडेट देतो. माझं स्क्रिप्ट्सचं फोल्डर आता लिनक्स, मॅक आणि फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली आणखी एक ओएस) तिन्हीकडे एकही ओळ न बदलता चालतंय. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शेबँगने, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणाऱ्या त्या #! वाल्या पहिल्या ओळीने, बाकी कोडला फारसा हात लावावा लागलाच नाही.

आधी जवळपास सगळीकडे /बिन/बॅश होतं, म्हणजे बॅश या शेलचा (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) ठरलेला पत्ता. लिनक्सवर सहसा चालून जातं, पण फ्रीबीएसडीवर बॅश सिस्टिमसोबत येतच नाही, पॅकेज टाकलं की /युएसआर/लोकल/बिन मध्ये जाऊन बसतं, मग त्या पत्त्यावर काहीच सापडत नाही आणि विषय संपला. मॅकवर पत्ता बरोबर आहे पण तिथलं बॅश ३.२ आहे, कारण ४.० पासून बॅशचं लायसन्स जीपीएल ३ झालं आणि ॲपल जुन्यावरच थांबलं, २०१९ च्या कॅटालिनापासून तर डीफॉल्ट शेलच झेडशेल केलाय.

आता हे ३.२ किती धोक्याचं आहे ते बघा. असोसिएटिव्ह ॲरे, म्हणजे आकड्याऐवजी नावाने खण शोधणाऱ्या याद्या, २००९ च्या ४.० मध्ये आले. ३.२ वर ते बनवणाऱ्या डिक्लेअर कमांडला मोठ्या ए चा ऑप्शन दिला की 'इनव्हॅलिड ऑप्शन' येतं, पण स्क्रिप्ट थांबत नाही, पुढे जाते! साधा ॲरे समजून 'जेपीजी', 'पीएनजी' अशी खणांची नावं आकड्यात बदलायला जाते, त्या नावाचं व्हेरिएबल नसल्यामुळे सगळ्यांचं शून्य होतं, आणि प्रत्येक व्हॅल्यू एकाच खणात एकावर एक पडते. शेवटची तेवढी उरते. फाइलींची नावं बदलणारी स्क्रिप्ट असेल तर काय होईल विचार करा. म्हणून टेस्ट कायम कॉपीवरच.

उपाय म्हणून सगळीकडे /युएसआर/बिन/एन्व्ह बॅश केलं. एन्व्ह पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, शोधतं, म्हणजे होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम टाकायचं साधन) टाकलेलं नवं बॅश मॅकवर आपोआप मिळतं. पण माझं ठाम मत झालंय की एन्व्ह फक्त शोधतं, निवडत नाही. तीच स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारं) चालवली की पाथ तोकडा असतो, होमब्रूचं फोल्डर त्यात नसतं, आणि परत ते ३.२ च हातात येतं. त्यामुळे बॅशच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच व्हर्जन तपासतोय, मेजर व्हर्जन ४ पेक्षा कमी असेल तर स्पष्ट मेसेज देऊन बाहेर. हा बदल सगळ्यात आवडला मला.

छोट्या स्क्रिप्ट्स सरळ /बिन/एसएच वर, म्हणजे सिस्टिमच्या साध्या शेलवर नेल्या, पण त्या डॅश या छोट्या शेलवर चालवून बघितल्याशिवाय पास करत नाही. उबुंटूने २००६ मध्येच एसएच म्हणून डॅश आणलं, डेबियनने २०११ च्या स्क्वीझमध्ये, अल्पाइन या छोट्या लिनक्सवर बिझीबॉक्सचं ॲश शेल असतं. बॅशच एसएच म्हणून चालत असेल तिथे दुहेरी चौकटी कंस खपून जातात, डॅशवर लगेच 'नॉट फाउंड'. शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं टूल) लावा, अर्ध्या गोष्टी तिथेच सापडतात.

पायथनला नेहमी पायथन३ लिहायचं, नुसतं पायथन नको, मॅकमधून पायथन २ मॅकओएस १२.३ ला, २०२२ मध्ये गेलं. आणि एन्व्हपुढे ऑप्शन लावू नका, लिनक्स इंटरप्रिटरनंतरचं सगळं एकच आर्ग्युमेंट म्हणून देतं, त्यामुळे एन्व्ह 'पायथन३ -यू' अशा अख्ख्या नावाचा प्रोग्राम शोधत बसतं. एन्व्हचा -एस ऑप्शन आहे, जीएनयू कोअरयुटिल्सच्या ८.३० पासून, तरी मी सेटिंग्ज स्क्रिप्टच्या आतच ठेवतो.

विंडोज शेबँग वाचतच नाही, एक्स्टेन्शन बघतं. पायथनचं पीवाय लाँचर मात्र वाचतं, ३.३ पासून सोबत येतं, म्हणून पायथनवाल्या स्क्रिप्ट्स तिथे आत्ताच मस्त चालतात. एक काळजी घ्या, विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी सीआर (कॅरेज रिटर्न, न दिसणारं अक्षर) चिकटतो आणि लिनक्सवर इंटरप्रिटरचं नावच 'बॅश अधिक सीआर' होतं, ओळ दिसायला एकदम बरोबर असते आणि एरर 'नो सच फाइल'. गिटच्या गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये ओळीचा शेवट एलएफ, म्हणजे सीआरशिवायचा, पक्का करून टाकलाय.

राहिलेल्या बॅशच्या स्क्रिप्ट्स विंडोजसाठी पायथनमध्ये नेतोय, फोल्डर सिंक करणारी आधी घेतलीये. कोणी पॉवरशेलने (मायक्रोसॉफ्टचं शेल) लिनक्स, मॅक आणि विंडोजवर काम भागवत असेल तर तुमची पहिली ओळ काय असते ते नक्की सांगा.