शूरवीराचे गाल दाबताना

ओटामाटोन, म्हणजे एक जपानी इलेक्ट्रॉनिक वाद्य, हातात घेतला की आधी हसू येतं, मग तो वाजवायचा असतो हे लक्षात येतं. पाश्चात्त्य स्वरलिपीतला एखादा स्वर कागदावरून उडी मारून पळाला असावा, तसा त्याचा आकार: खाली गोल रबरी डोकं, वर लांब दांडा. दांड्यावरच्या पट्टीवर बोट सरकवलं की सूर चढतो-उतरतो. दुसऱ्या हाताने गाल दाबले की तोंड उघडतं आणि आतला ‘ऊऽऽ’ पसरून ‘वाऽऽ’ होतो. पट्टीवर पडदे नाहीत, म्हणून मींड फुकटात मिळते. नेमका गंधार मात्र ज्याचा त्याने शोधायचा.

एरवी याच्या तोंडावर दोन ठिपक्यांचे डोळे असतात, बस्स. भाचीने जपानहून आणलेल्याच्या चेहऱ्यावर मात्र काबुकीची, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकाराची, रंगभूषा आहे. आईने तो वाजताना ऐकला आणि विचारलं, “अगं, हा गातोय की याला कुणी चिमटा काढलाय?”

प्रश्न रास्त होता, कारण ती रंगभूषा रडक्यांसाठी नाहीच. तिला कुमादोरी म्हणतात. पांढऱ्या लेपावर ठळक पट्टे ओढायचे आणि त्यांची एक कड बोटाने पुसट करायची. संतापात फुगलेल्या शिरा आणि ताठलेले स्नायू त्यातून दिसतात. लाल म्हणजे शौर्य, न्यायाची चाड. निळा खलनायकाचा, तपकिरी भुताखेतांचा. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, १६७३ साली पहिल्या इचिकावा दांजुरोने तांबड्या-काळ्या रंगांनी तोंड रंगवून एका बलदंड वीराची भूमिका केली आणि तिथून ही रीत सुरू झाली, असं मानतात. मिणमिणत्या उजेडात मागच्या प्रेक्षकालाही चेहरा दिसायला हवा, ही साधी गरजही त्यामागे होतीच. नट स्वतःच आपला चेहरा रंगवतो, आपल्याकडच्या दशावतारी नटासारखा. खेळ संपल्यावर कधीकधी तोंडावर रेशमी कापड दाबून त्या रंगाचा ठसा घेतात आणि तो जपून ठेवतात. मला ही कल्पना भारी आवडते. छायाचित्रापेक्षा घामासकट उतरलेला चेहरा केव्हाही खरा.

‘शिबाराकु’ नाटकातला तरुण नायक असे लाल पट्टे घेऊन येतो. दुष्ट सरदार निरपराधांची मुंडकी उडवणार, एवढ्यात पडद्यामागून त्याची आरोळी येते: “थांबा जरा!” तीच आरोळी आता गाल दाबून काढून पाहा. सरदार थांबेल, पण हसू आवरेना म्हणून.

मला यात काबुकीची टिंगल दिसत नाही. भडकपणाचं त्या रंगभूमीला कधीच वावडं नव्हतं. शिवाय जपानमध्ये कुमादोरी छापलेले फेसपॅकही मिळतात. त्वचा मऊ होईपर्यंत कुणीही घरबसल्या शूरवीर व्हावं. गंमत वेगळीच आहे. काबुकीचा नट ऐन क्षणी अंग गोठवतो, लाकडी ठोकळे फळीवर कडाडतात आणि त्या स्तब्ध देहात डोळे तेवढे तिरळे फिरतात. ओटामाटोनचं नेमकं उलट. डोळे ढिम्म हलत नाहीत, सगळा अभिनय जबड्याचा.

ही करामत मेइवा डेन्कीची. तोसा आडनावाच्या दोन भावांनी १९९३ साली हा कलासंच काढला आणि वडिलांच्या बुडालेल्या विद्युत कारखान्याचं नाव त्याला दिलं. कामगारांचे निळे गणवेश घालून ते मंचावर उभे राहत. कलाकृतीला ‘उत्पादन’ म्हणायचं, मैफलीला ‘उत्पादनाचं प्रात्यक्षिक’, आणि तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. २००९ मध्ये ओटामाटोन बाजारात आला तोवर थोरले भाऊ निवृत्त झाले होते. ही कल्पना धाकट्या नोबुमिचींची.

काबुकीत नट रंगात आला की मागून जाणकार प्रेक्षक त्याच्या घराण्याचं नाव ओरडतात. दांजुरोसाठी “नारिताया!” आमच्या शूरवीराला गंधार सापडला, तर त्या न्यायाने एका दिवाळखोर कारखान्याच्या नावाने ओरडावं लागेल. आईला मी ते नाव शिकवून ठेवलंय.