एफटीपी नोंद ४ : लॉगिन होतंय, यादी येत नाही

सेटअप तोच. क्लाउडवरचा छोटा उबंटू सर्व्हर, त्यावर व्हीएसएफटीपीडी (एफटीपी म्हणजे फाइली पाठवण्या-घेण्याच्या पद्धतीचा सर्व्हर प्रोग्राम), घरून फाइलझिला (त्याला जोडणारा क्लायंट प्रोग्राम). मागच्या नोंदीतलं ५३० (लॉगिन नाकारल्याचा कोड) मिटलं. आता लॉगमध्ये हे दिसतंय:

२३० लॉगिन सक्सेसफुल
२२७ एंटरिंग पॅसिव्ह मोड (१०,०,०,५,१९५,१४९)

त्यापुढे २० सेकंद शांतता, मग टाइमआउट, आणि फोल्डरची यादी मिळाली नाही असा लाल शेरा.

२३० आलं की पासवर्डला हात लावायचा नाही. तो बरोबर आहे, हे सर्व्हरनेच सांगितलंय. इथे पासवर्ड बदलून बघण्याचा मोह होतो. पाच-सहा चुकीचे प्रयत्न झाले आणि सर्व्हरवर फेलटूबॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारा आयपी रोखणारा प्रोग्राम) लावलेलं असलं, तर आपलाच आयपी अडकतो आणि एकाचे दोन बिघाड होतात.

खरी माहिती २२७ च्या कंसात आहे. पॅसिव्ह मोड म्हणजे डेटा कनेक्शन क्लायंटने लावायचं, सर्व्हर फक्त जागा सांगतो. पहिले चार आकडे पत्ता, शेवटचे दोन पोर्ट. पाचव्याला २५६ ने गुणायचं, सहावा मिळवायचा: १९५ × २५६ + १४९ = ५००६९. म्हणजे सर्व्हर म्हणतोय, '१०.०.०.५ वर, ५००६९ ला या, यादी तिथे देतो.' पोर्ट २१ वर फक्त हुकूम चालतात. प्रत्येक यादीला आणि प्रत्येक फाइलला वेगळं डेटा कनेक्शन लागतं.

यात दोन दोष आहेत. १०.०.०.५ हा आतल्या नेटवर्कचा पत्ता, घरून तिथे पोचणं शक्यच नाही. फाइलझिला हे ओळखून मुकाट्याने मूळ सर्व्हरचाच पत्ता वापरतो, त्यामुळे हा दोष झाकला जातो. जुने प्रोग्राम आणि काही कॅमेरे मिळेल तो पत्ता धरून अडून बसतात. दुसरा दोष म्हणजे ५००६९ फायरवॉलमध्ये बंद आहे. फाइलझिला अडकतोय तो इथे.

केलेली दुरुस्ती: व्हीएसएफटीपीडीच्या कॉन्फिगमध्ये पॅसिव्ह पोर्टांची किमान मर्यादा ५००००, कमाल ५०१००. पॅसिव्ह पत्त्याच्या ओळीत सार्वजनिक आयपी. आयपी बदलता असेल तर तिथे डोमेननाव द्यायचं आणि नाव रिझॉल्व्ह करण्याची (नावावरून आयपी शोधण्याची) ओळ 'यस' करायची. हे नाव सर्व्हिस सुरू होतानाच तपासलं जातं, म्हणून आयपी बदलला की रीस्टार्ट हवाच. मग तीच रेंज दोन्हीकडे उघडायची: सर्व्हरवरच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये आणि क्लाउडच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्ये. दुसरी हमखास राहून जाते.

आता एक सापळा. रेंज उघडल्यावर ऑनलाइन पोर्ट-चेकरने ५००६९ तपासलं की तो 'क्लोज्ड' म्हणतो, आणि माणूस पुन्हा फायरवॉल उकरायला लागतो. पॅसिव्ह पोर्टवर एरवी कोणी ऐकतच नसतं. क्लायंटने मागणी केली की सर्व्हर त्या क्षणापुरतं एक पोर्ट उघडतो. म्हणून उत्तर कसं येतं ते बघायचं. लगेच 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा डेटाचं पाकीट सर्व्हरपर्यंत पोचलंय, म्हणजे वाट मोकळी आहे. बराच वेळ काहीच न येता टाइमआउट झालं तर मध्ये फायरवॉल ते गिळतंय. इथे रिफ्यूज्ड ही चांगली बातमी.

मोबाइल हॉटस्पॉटवर चालतंय म्हणजे ब्रॉडबँडवाल्याचा दोष, हाही घाईचा निष्कर्ष. फोन आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) वरून गेला असेल, तर २२७ ऐवजी २२९ येतं. त्यात पत्ता नसतो, फक्त पोर्ट असतं, त्यामुळे पत्त्याचा दोष तिथे दिसणारच नाही. आधी लॉगमधला आकडा बघा.

अ‍ॅक्टिव्ह मोड करून बघितला नाही, कारण उघड आहे. त्यात सर्व्हर उलट आपल्या घराकडे कनेक्शन लावतो. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर आपण इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) आहोत. तिथपर्यंत ते कनेक्शन येत नाही.

टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) लावल्यावर वेगळीच तऱ्हा. काही फायरवॉल साध्या एफटीपीतली २२७ ची ओळ वाचून ते पोर्ट स्वतःच उघडतात, पत्ताही दुरुस्त करतात. टीएलएसमध्ये ती ओळ त्यांना वाचता येत नाही. म्हणून 'साधं चालतं, टीएलएस लावलं की अडतं' अशी तक्रार आली, की टीएलएसला दोष न देता वरची रेंज तपासा. ५२२ आणि सोबत 'सेशन रियूज' असा उल्लेख आला, तर क्लायंट डेटा कनेक्शनसाठी आधीचं टीएलएस सेशन वापरत नाहीये. आधी क्लायंट अपडेट करा. सेशन रियूजची सर्व्हरवरची सक्ती काढणं सगळ्यात शेवटी.

शेअर्ड होस्टिंगवर यातलं काही आपल्या हातात नसतं. सपोर्टला 'एफटीपी चालत नाही' एवढंच न लिहिता २२७ ची पूर्ण ओळ, आपला सार्वजनिक आयपी आणि आयएसटी असं लिहून वेळ द्या. त्यांच्याकडे एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली पाठवण्याची वेगळी पद्धत) असेल तर सरळ तेच घ्या. पोर्ट २२, एकच कनेक्शन, हा सगळा गोंधळ नाही.

सध्या अपलोड सुरळीत आहे. देवनागरी नावाच्या फाइलींसाठी फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ सक्तीचा केला. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं आणि ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि एक्स्टेन्शन त्यातच.