शिकागोची सरासरी

शिकागोच्या उत्तर भागात मी राहत होतो त्या काळात घरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एक प्रश्न ठरलेला असे: "तिकडे म्हणे रोज गोळीबार होतो, तुम्ही जपून असता ना?" माझे उत्तरही ठरलेले असे. आमच्याकडे तसे काही नाही, ते दक्षिणेला आणि पश्चिमेला होते, असे सांगून मी त्यांची काळजी दूर करत असे. उत्तर खोटे नव्हते. पण त्यातला 'आमच्याकडे' हा शब्द मला आज बोचतो, कारण शहर एकच होते, महापौर एकच होता, आणि मी कामावर जाण्यासाठी ज्या रेड लाइन मेट्रोमध्ये चढत असे तीच गाडी पुढे दक्षिणेच्या टोकाला, 95व्या रस्त्यापर्यंत जात होती.

सुमारे 27 लाख वस्तीच्या या शहरात 2021 साली जवळपास 800 खून झाले. पंचवीस वर्षांतला तो सर्वांत मोठा आकडा होता, आणि त्यांतले बहुतांश खून बंदुकीने झालेले होते. 2024 साली ही संख्या 573 वर आली. ही घट खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. मात्र संपूर्ण शहराची सरासरी काढली की ज्यांच्यावर हे संकट कोसळते तीच माणसे त्या सरासरीत दिसेनाशी होतात. कृष्णवर्णीय नागरिक शहराच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहूनही कमी आहेत, पण खून झालेल्यांमध्ये दर चारांतले सुमारे तीन जण कृष्णवर्णीय असतात, आणि त्यांतही तरुण पुरुष अधिक. उत्तरेच्या सुखवस्तू लिंकन पार्कमधला रहिवासी आणि पश्चिमेच्या गरीब वेस्ट गारफिल्ड पार्कमधला रहिवासी यांच्यात अंतर काही मैलांचेच आहे, पण मुलगा रात्री उशिरा घरी आला नाही तर दोन्ही घरांतल्या आयांच्या मनात येणारा विचार एक नसतो.

दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या त्या वस्त्यांमध्येसुद्धा धोका सर्वांना सारखा नसतो. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाख्रिस्तोस यांनी सहकाऱ्यांसह 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की शिकागोत गोळी लागून वाचलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक ज्या ओळखीपाळखीच्या जाळ्यांमधले होते, त्या जाळ्यांत शहराची 6 टक्क्यांहूनही कमी लोकसंख्या येत होती. मित्राला गोळी लागली की आपल्याला ती लागण्याची शक्यता वाढते. साथीच्या रोगासारखे हे पसरते. साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी 2000 साली वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये याच विचाराने काम सुरू केले होते. त्याच वस्तीत वाढलेली, कधीकाळी स्वतः हिंसेच्या वाटेने गेलेली माणसे भांडण पेटण्यापूर्वी मध्ये पडतात आणि सूडाची पुढची गोळी थांबवतात. या कामाला पैसा मात्र कधी मिळतो, कधी आटतो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ट्रॉमा सेंटरची, म्हणजे गंभीर जखमींवर तातडीने उपचार करणाऱ्या केंद्राची हकिकत. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाने प्रौढांसाठीचे आपले ट्रॉमा सेंटर 1988 साली बंद केले, आणि त्यानंतर काही वर्षांतच अशी वेळ आली की ज्या दक्षिण भागात माणसांना सर्वाधिक गोळ्या लागत होत्या तिथे गंभीर जखमी प्रौढाला घेणारे, सर्वोच्च दर्जाचे एकही केंद्र उरले नाही. रुग्णवाहिका जखमीला घेऊन शहराच्या दुसऱ्या भागात किंवा उपनगरात धावत असे, आणि रक्तस्राव होत असताना एकेका मिनिटाला किती किंमत असते हे वेगळे सांगायला नको. त्या वस्तीतल्या तरुणांनी वर्षानुवर्षे निदर्शने केली, तेव्हा कुठे 1 मे 2018 रोजी ते केंद्र पुन्हा उघडले. मधली तीस वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची?

हा असमतोल आपोआप आलेला नाही. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर ज्या वस्त्या लाल रंगाने धोकादायक ठरवल्या गेल्या, तिथल्या लोकांना घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. मग कारखाने गेले, दुकाने गेली, शाळा बंद झाल्या. बंदुका तर बहुतेक बाहेरून येतात. शहराच्याच 2017 च्या अहवालानुसार गुन्ह्यांच्या संदर्भात जप्त झालेल्या बंदुकांपैकी सुमारे 60 टक्के इलिनॉयबाहेर, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्याच्याबाहेर विकल्या गेल्या होत्या, आणि त्यांत शेजारच्या इंडियाना राज्याचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यामुळे 'शिकागोत बंदुकांबाबत एवढे कडक कायदे असून काय उपयोग' असे कोणी म्हणाले की मला राग येतो.

एकदा कामानिमित्त दक्षिण भागात गेलो होतो. शाळा सुटण्याची वेळ होती. कोपऱ्यावर भडक रंगाचे जाकीट घातलेल्या एक प्रौढ बाई उभ्या होत्या. मुलांनी सुरक्षित घरी जावे म्हणून शाळांच्या वाटांवर अशी माणसे नेमलेली असतात. त्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत होत्या आणि एकाला थांबवून, आज दुसऱ्या गल्लीने जा, असे हळू आवाजात सांगत होत्या. त्याने का म्हणून विचारले नाही. दप्तर सावरले आणि तो वळला.